पटकथालेखकाचे वर्ष

१९३४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका चित्रपटसंस्थेकडून बोलावणे आले, तेव्हा प्रेमचंदांनी आपले तरुण स्नेही जैनेंद्रकुमार यांस पत्र लिहून त्यांचा सल्ला विचारला. पत्रातील हिशेब अगदी रोकडा आहे. बनारसचा सरस्वती प्रेस तोट्यात चाललेला, 'हंस' आणि 'जागरण' ही नियतकालिके कर्जाचा बोजा वाढवीत असलेली. आणि समोर वर्षाला आठ हजार रुपयांचा करार. मुंबईस वर्षभर राहावे, आणि त्यानंतर असा काही करार करून घ्यावा की, घरी बसल्या बसल्या वर्षाकाठी तीनचार कथा लिहून द्याव्यात व चारपाच हजार रुपये मिळत जावेत, अशी त्यांची अटकळ होती. चित्रपटासाठी लिहिणाऱ्याने वर्षाला किती लिहावे, या प्रश्नाला एखाद्या थोर भारतीय साहित्यिकाने दिलेले, माझ्या वाचनात आलेले, हे सर्वांत जुने उत्तर होय.

या उत्तरात अवास्तव असे वरवर पाहता काहीच नाही. तीन दशकांच्या लेखनकाळात ज्याने तीनशेच्या आसपास कथा लिहिल्या, डझनभर कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय दोन नियतकालिके संपादली, त्याला वर्षाला तीनचार कथा म्हणजे विसाव्याचेच काम. परंतु अजंता सिनेटोनमधील त्या वर्षातून लोकांच्या लक्षात राहिला तो एकच चित्रपट, मोहन भवनानींचा 'मजदूर'. आणि तोही मुंबईच्या सेन्सॉर मंडळाने येथे दाखवू दिला नाही. कराराचे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १९३५ च्या एप्रिलात, प्रेमचंद बनारसला परतले. तीनचार कथांचा तो करार पुढे कधीच झाला नाही. प्रेमचंदांचे कोठे चुकले? ते आळशी नव्हते, आणि पैशाचा हिशेबही त्यांना कळत होता. चूक झाली ती 'कथा' या शब्दाच्या अर्थात. मासिकासाठी कथा लिहिणारा ती लिहून संपवितो. चित्रपटाची कथा लेखकाच्या टेबलावर संपत नाही.

आज चित्रपटलेखनाकडे वळू इच्छिणारे तरुण हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा शिस्तीची असतात: रोज चार पाने लिहावीत, म्हणजे एकशेवीस पानांची पटकथा महिन्यात पुरी होते. या त्रैराशिकाने वर्षाला बारा पटकथा व्हावयास हव्यात. संपूर्ण, स्वतंत्र आणि पडद्यावर आलेल्या अशा बारा पटकथा वर्षानुवर्षे लिहीत राहिलेला लेखक निदान माझ्या माहितीत नाही. मग खरा आकडा कोणता? मला असे वाटते की, हा आकडा लेखकाच्या बोटांच्या वेगावर फारच थोडा अवलंबून असतो. त्याच्या पोटाची व्यवस्था कोणी व कशी लावली आहे, आणि 'पटकथा' म्हणून नेमके काय मोजले जात आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो. आपल्या बोलपटाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

बोलपट आला तो १९३१ मध्ये, 'आलम आरा' घेऊन. त्याचे लेखन पारशी रंगभूमीवरील नाटककार जोसेफ डेव्हिड यांचे होते, आणि हा योगायोग नव्हता. पारशी नाटकमंडळ्यांत पगारी लेखक ठेवण्याची रीत होती. त्याला 'मुन्शी' म्हणत. मंडळीच्या बिऱ्हाडी राहावे, मालक सांगेल ते नाटक बेतावे, नटाच्या तोंडाला बसेल असा मजकूर द्यावा आणि महिन्याच्या महिन्याला वेतन घ्यावे, असे त्याचे जिणे. चित्रपटसंस्था उभ्या राहिल्या त्यांनी कॅमेरा परदेशाहून आणला. पण लेखक या मंडळ्यांकडूनच उचलला, आणि लेखक ठेवण्याची रीतही त्याच्याबरोबर आली. संस्था वर्षाला जितके चित्रपट काढील तितके त्याने लिहावयाचे. त्याचा वार्षिक आकडा हा संस्थेच्या वेळापत्रकाचा आकडा होता.

तथापि या पगारी व्यवस्थेत एक सोय होती, आणि तिच्याकडे आपले टीकाकार दुर्लक्ष करतात. एकट्या माणसावर सारे ओझे पडत नसे. बॉम्बे टॉकीजचे आरंभीचे चित्रपट पाहावेत. १९३५ आणि १९३६ या दोन वर्षांत 'जवानी की हवा', 'जीवन नैया', 'अछूत कन्या', 'जन्मभूमि' असे एकामागून एक चित्रपट आले आणि त्यांच्या कथा निरंजन पाल यांच्या. वेग डोळे दिपविणारा खरा. परंतु पडद्यावर जी हिंदी बोलली गेली ती बहुतांशी जे. एस. कश्यप यांची होती. प्रभातमध्येही तेच. 'कुंकू' (१९३७) हा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून निघाला आणि पटकथाही आपट्यांनीच रचली. पण त्याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' निघाली तेव्हा संवादांसाठी मुन्शी अझीझ यांची लेखणी लागली. एकाच कथेचे दोन चित्रपट, आणि दोघांच्याही खाती एकेक. मोजणाऱ्याने कोणाच्या नावावर किती लिहावे?

मराठीत या मुन्शीपणाला निराळे वळण लागले. आपल्याकडे चित्रपटाला लेखक मिळाले ते रंगभूमीच्या बिऱ्हाडातून आले तसेच शाळेच्या वर्गातूनही आले. वि. स. खांडेकर 'छाया' (१९३६) लिहीत होते तेव्हा ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्यानंतर 'ज्वाला' (१९३८), 'देवता' (१९३९), 'अमृत' (१९४१) असा त्यांच्या चित्रपटांचा क्रम लागतो. याच काळात 'दोन मने' आणि 'रिकामा देव्हारा' या कादंबऱ्याही प्रसिद्ध झाल्या. अत्र्यांचेही तसेच: 'धर्मवीर' (१९३७), 'ब्रह्मचारी' (१९३८), 'ब्रँडीची बाटली' (१९३९), 'अर्धांगी' (१९४०), ठळक नावे घेतली तर वर्षाला एक. अत्रे हे झपाट्याने लिहिणारे गृहस्थ, लेखणीने आणि वाणीने सारखेच दांडगे. त्यांच्याकडून वर्षाला चार पटकथा निघणे अशक्य नव्हते. त्या निघाल्या नाहीत, कारण काढावयास लावणारे कोणी नव्हते. शाळा होती, रंगभूमी होती, पुढे वृत्तपत्र होते. ज्याचे पोट चित्रपटाबाहेर भरते त्याचा आकडा लहान राहतो, आणि त्या आकड्यात नकार देण्याचे स्वातंत्र्य सामावलेले असते. या लेखकांनी चित्रपटात शिरून साहित्याचे नुकसान केले, असे पुष्कळदा म्हटले गेले. वरील वर्षे आणि पुस्तके शेजारी शेजारी मांडून पाहिली तर तो आरोप टिकत नाही.

ग. दि. माडगूळकरांकडे वळले की हे गणित कोलमडते. १९१९ चा जन्म, १९७७ ला मृत्यू; आणि एवढ्या आयुष्यात दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांशी त्यांचे नाव जोडलेले. तीसपस्तीस वर्षांनी भागावे तर वर्षाला चारपाच पडतात. हा आकडा ऐकून माणूस दबून जातो. पण भागाकार करण्यापूर्वी भाज्य तपासावयास हवा. या दीडशेंत कित्येक चित्रपटांची त्यांनी केवळ गीते लिहिली; काहींची कथा, काहींचे संवाद; आणि कथा, पटकथा, संवाद, गीते हे सारे एकहाती असलेले चित्रपट या साऱ्यांचा एक भाग होत. तरीही जे उरते ते थोडे नाही. १९५२ या एकाच वर्षी 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे राजा परांजपे यांचे दोन चित्रपट आले, आणि दोहोंतही माडगूळकरांची लेखणी मुख्य होती. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते त्यांनी वर्षभर पुरविली, आणि चित्रपटाचा धंदा त्यामुळे थांबलेला नव्हता. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथाही त्यांचीच.

हा वेग कोठून आला? 'प्रतिभा' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि प्रतिभा होतीच. पण प्रतिभा तर प्रेमचंदांपाशीही होती. माझ्या मते वेगाचे एक कारण असे की, माडगूळकर परक्यासाठी लिहीत नव्हते. दिग्दर्शक राजा परांजपे, संगीत सुधीर फडक्यांचे, लेखन यांचे, हे त्रिकूट वर्षानुवर्षे एकत्र होते. कोणता नट कोणते वाक्य कसे उचलील, फडके चाल कोठे नेऊन ठेवतील, परांजपे प्रसंगाला कोठे कात्री लावतील, हे लिहितानाच ठाऊक असे. ज्याला मुंबईच्या धंद्यात 'सिटिंग' म्हणतात, म्हणजे निर्माता, दिग्दर्शक आणि लेखक यांनी एकत्र बसून कथा तासन् तास चघळावयाची, त्या बैठकींत नवख्या लेखकाचे महिने जातात. जुळलेल्या मंडळींत तोच प्रसंग एका संध्याकाळी निकालात निघतो. प्रेमचंदांना मुंबईत असे घर लाभले नाही. दुसरे कारण कमी काव्यमय आहे. मराठी चित्रपटाचा बाजार लहान, मोबदला त्याहून लहान. एका पटकथेवर वर्ष काढणे शक्यच नव्हते. माडगूळकरांच्या विपुलतेचे कौतुक करताना तिच्यातील ही निकड आपण विसरतो. चित्रपटाच्या बाजाराने सवड ठेवली असती तर तीन पटकथांऐवजी आणखी एक 'गीतरामायण' झाले असते की काय, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. आणि तो भाबडा आहे हेही मला समजते, कारण निकडीवाचून 'गीतरामायण'ही वेळच्या वेळी झाले नसते. त्याला आकाशवाणीचा आठवडा होता.

मोजमापाचा घोटाळा हिंदी चित्रपटात अधिकच वाढतो. तेथे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी रूढ झाली. 'मधुमती' (१९५८) ची कथा-पटकथा ऋत्विक घटक यांची, संवाद राजिंदरसिंग बेदी यांचे. 'मिर्झा गालिब' (१९५४) ची कथा मंटोची. ते पाकिस्तानात निघून गेल्यावर चित्रपट निघाला आणि संवाद पुन्हा बेदींनीच लिहिले. 'मुघल-ए-आझम' (१९६०) च्या संवादांवर तर चार नावे आहेत: अमानुल्ला खान, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि वजाहत मिर्झा. चित्रपट दहाहून अधिक वर्षे रेंगाळला. एका चित्रपटाला चारांनी आणि मग दहांनी भागून जो अपूर्णांक येईल तो कोणत्या लेखकाची वार्षिक उत्पत्ती म्हणून सांगावयाचा?

येथे थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी परभाषेतील चित्रपटांचे संवाद मराठीत आणण्याचे काम केले. नटाचे ओठ जेथे मिटतात तेथे आपले वाक्य मिटले पाहिजे, ही त्यातील मुख्य अट. 'म', 'प', 'ब' ही अक्षरे मी त्या वर्षात जितकी शोधली तितकी जन्मात शोधली नाहीत. वर्षअखेर अकरा चित्रपट झाले. मोबदला मिनिटांवर होता, आणि शेवटच्या दोहोंचा आलाच नाही. त्याची तक्रार येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन एवढेच की, कोणी विचारले असते तर मी 'वर्षाला अकरा पटकथा' असे उत्तर देऊ शकलो असतो आणि ते पूर्णपणे खोटे ठरले नसते. इतरांचे मोठमोठे आकडे वाचताना तेव्हापासून माझा हात थोडा आखडतो.

परदेशांतील दोन दाखले याच संदर्भात उपयोगी पडतील. अमेरिकेतील बेन हेक्ट याने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, आपल्या साठ चित्रपटांपैकी निम्म्याहून अधिक आपण दोन आठवड्यांत किंवा त्याहून कमी वेळात लिहिले, आणि आठ आठवड्यांपलीकडे एकालाही लागले नाहीत. हा हॉलिवुडच्या ऐन भरभराटीचा काळ. तेथे एकाच कथेवर एकामागून एक लेखक बसविले जात. 'गॉन विथ द विंड'च्या पटकथेची दुरुस्ती हेक्टने थोड्याच दिवसांत केली, श्रेय मात्र सिडनी हॉवर्ड यांच्या नावावर राहिले. म्हणजे हेक्टचे दोन आठवडे हे बहुधा दुसऱ्यांच्या कित्येक महिन्यांवर उभे असत. उलट जपानमध्ये 'सेव्हन सामुराई' (१९५४) साठी कुरोसावा, हाशिमोतो आणि ओगुनी हे तिघे एका धर्मशाळावजा उतारघरात सुमारे सहा आठवडे स्वतःस कोंडून घेऊन बसले. तिघांचे सहा आठवडे म्हणजे एका माणसाचे साडेचार महिने; आणि त्यापूर्वीचा विषय शोधण्याचा काळ यात धरलेलाच नाही. या मापाने वर्षाला दोन पटकथा हीदेखील मोठी मजल ठरते.

आपल्याकडील दोनांचा हिशेब सलीम-जावेद यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतो. १९७३ मध्ये 'जंजीर' आणि 'यादों की बारात'. १९७४ मध्ये 'मजबूर' आणि 'हाथ की सफाई'. १९७५ मध्ये 'दीवार' आणि 'शोले'. १९७८ मध्ये 'त्रिशूल' आणि 'डॉन'. ही दोघांच्या यशाच्या शिखरावरची वर्षे, आणि सर्वसाधारण प्रमाण वर्षाला दोन चित्रपटांचे. लेखक दोन, चित्रपट दोन. प्रदर्शनाचे वर्ष आणि लेखनाचे वर्ष एक नसते हे ध्यानात घेऊनही सरासरी फारशी हलत नाही. मागणी नव्हती म्हणून आकडा लहान राहिला, असे येथे म्हणताच येणार नाही. वस्तुतः याच जोडीने आकडा लहान ठेवण्याची किंमत निर्मात्यांकडून वसूल केली. 'जंजीर'च्या भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा माणूस लावून त्यांनी ती मुंबईभर रंगवून घेतली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अनेकांना ती गमतीची वाटते. मुन्शीच्या बिऱ्हाडापासून चाळीसएक वर्षे चालत आलेल्या पगारी परंपरेत लेखकाने आपले नाव आपल्या हाताने भिंतीवर चढविले, ही मला त्या धंद्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना वाटते.

विजय तेंडुलकरांचा मार्ग याहून वेगळा आणि आकडा त्याहूनही लहान. 'निशांत' (१९७५), 'मंथन' (१९७६), 'सिंहासन' (१९७९), 'आक्रोश' (१९८०), 'उंबरठा' (१९८२), 'अर्धसत्य' (१९८३): सामान्यतः वर्षाला एक, मध्ये एखादे वर्ष मोकळे. यांतील 'सिंहासन' अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आणि 'अर्धसत्य' श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवर आधारलेला. उसन्या कथेमुळे काम सोपे होते असा समज आहे. मला तर 'सिंहासन'मध्ये दोन कादंबऱ्यांतील मुंबई एका पटकथेत बसविताना किती गाळावे लागले असेल याचेच आश्चर्य वाटते. तेंडुलकर नाटककार होते ही गोष्टही येथे महत्त्वाची आहे. नाटककाराला प्रयोगागणिक मानधन मिळते. एक चाललेले नाटक घरबसल्या काही वर्षे पोसते. पटकथा मात्र एकरकमी विकली जात असे. चित्रपट पंचवीस आठवडे चालो की पंचवीस वर्षे, लेखकाचा संबंध पहिल्या रकमेशीच संपला. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकाचा स्वामित्वधनाचा हक्क त्याला कराराने निर्मात्याच्या स्वाधीन करता येणार नाही, असे ठरले. बोलपटाला तोवर एक्याऐंशी वर्षे झाली होती. माडगूळकरांना हे कलम लाभले असते तर त्यांच्या नावापुढील दीडशेचा आकडा कदाचित घटला असता.

दूरचित्रवाणी मालिकांची मोजणी मी मुद्दाम बाजूस ठेवली आहे. मनोहर श्याम जोशींनी १९८४-८५ मध्ये 'हम लोग'चे दीडशेहून अधिक भाग लिहिले आणि राही मासूम रझा यांनी 'महाभारत'ला आठवड्यामागून आठवडा शब्द पुरविले. पण हे काम वृत्तपत्रातील सदराच्या जातीचे आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

राहता राहिला तो लेखक, ज्याने दुसऱ्या कोणासाठी लिहिलेच नाही असे जवळजवळ म्हणता येईल. सत्यजित राय यांनी १९५५ च्या 'पथेर पांचाली'पासून १९९१ च्या 'आगंतुक'पर्यंत लघुपट-माहितीपट धरून छत्तीसच्या आसपास चित्रपट केले आणि पटकथा बहुधा स्वतःच लिहिल्या. छत्तीस वर्षे, छत्तीस चित्रपट. लाल कापडी बांधणीच्या खेरोर खात्यांत, म्हणजे वाण्याच्या दुकानातील चोपड्यांत, त्यांची टिपणे, संवाद आणि चित्रे एकमेकांत मिसळलेली असत. त्याच वर्षांत फेलूदाच्या कथाही होत होत्या आणि 'संदेश' या मुलांच्या मासिकाचे संपादनही. वर्षाला एक हा आकडा त्यांना कोणी घालून दिलेला नव्हता.

याच रायांनी १९७७ मध्ये प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी'वर चित्रपट काढला. मूळ कथा १९२४ ची; प्रेमचंद मुंबईस जाण्यापूर्वी दहा वर्षे लिहिलेली, आणि थोड्याच पानांची. रायांना उर्दू येत नव्हते. पटकथा त्यांनी इंग्रजीत रचली आणि संवाद शमा झैदी व जावेद सिद्दिकी यांनी उर्दूत आणले. बंगाली दिग्दर्शकाची इंग्रजी पटकथा, दोघांचे उर्दू संवाद आणि बनारसच्या लेखकाची एक कथा. मुंबईहून परतल्यावर प्रेमचंदांनी 'गोदान' पुरे केले. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ते वारले.